रंग बदलणाऱ्या काचेची पारख

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, हिस्लॉप महाविद्यालयाच्या रस्त्यावर, विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानाजवळ, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था अशा लांबलचक नावाची एक सरकारी संस्था आहे. त्या मैदानावरील कसोटी सामन्यांचे तपशील ज्यांना मुखोद्गत आहेत अशा नागपूरकरांनाही शेजारच्या या इमारतीत काय चालते हे सांगता येईलच असे नाही; परंतु या देशात कोणती कल्पना नवी म्हणून एकाच्या नावावर वीस वर्षे लिहून द्यावयाची आणि कोणती सर्वांची म्हणून मोकळी ठेवावयाची, हे ज्या पेटंट-परीक्षकांच्या अहवालावर ठरते, त्यांच्या व्यवसायाचे धडे येथे गिरवले जातात. या विषयाशी नागपूरचा संबंध आजकालचा नव्हे. जगभरातील पेटंटांचे दस्तऐवज एकत्र करून संशोधकांना व कारखानदारांना त्यांतील माहिती पुरवावी या हेतूने पेटंट माहिती प्रणाली हे दफ्तर १९८० साली याच शहरात उघडले गेले आणि पुढे पुष्कळ काळ ते सेमिनरी हिल्सवरील केंद्र सरकारच्या कार्यालय-संकुलातून चालले. प्रशिक्षणाची संस्था २००२ साली त्याला येऊन मिळाली.

पेटंट मिळाल्याची बातमी वर्तमानपत्रांत बहुधा सत्काराच्या छायाचित्रासह येते, आणि त्यामुळे ते बुद्धिमत्तेबद्दल मिळालेले एखादे पदक असावे अशी समजूत लोकांत दृढ झाली आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो एक करार आहे. संशोधकाने आपली युक्ती, त्या विषयातील जाणकाराला ती वाचून करता येईल इतक्या पूर्णपणे लिहून द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यात राज्याने त्याला ठराविक मुदतीचा इजारा द्यावा, असा हा व्यवहार आहे. त्यातला एक पक्ष आपल्या वकिलासह हजर असतो. दुसरा पक्ष म्हणजे समस्त जनता, आणि ती बहुधा गैरहजर असते. तिच्या वतीने मेजाशी बसणारा माणूस एकटा परीक्षकच होय, आणि म्हणूनच त्याचे काम कसे चालते हे सामान्य वाचकाला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

हा करार आपल्या देशात पहिल्यांदा ज्या वस्तूसाठी मागितला गेला ती वस्तू उन्हाळ्याशीच निगडित होती. कंपनी सरकारने १८५६ साली सहावा कायदा केला, आणि त्या वर्षीच्या ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल अर्ज दाखल केला. राणीची संमती न घेतल्यामुळे तो कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला, १८५९ साली तो नव्याने करावा लागला, आणि १९११ सालच्या कायद्याने मग स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ राज्य केले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सादर केलेल्या सविस्तर अहवालातून १९७० सालचा पेटंट अधिनियम आकाराला आला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. १९९९, २००२ आणि २००५ सालच्या दुरुस्त्यांसह आजही तोच चालू आहे.

परीक्षकाचे काम समजून घ्यावयाचे तर कलमांची यादी वाचण्यापेक्षा एखादा अर्ज त्याच्या मेजावर ठेवून पाहणे बरे. त्यासाठी मी विद्युतप्रवाहाने रंग बदलणाऱ्या घटकांचा विषय निवडतो. भौतिकी, रसायन आणि कायदा या तिन्ही शास्त्रांचा संगम तेथे होतो हे एक कारण. दुसरे कारण असे की, ज्या धातूच्या ऑक्साइडवर या विद्येची उभारणी झाली त्या टंगस्टनचे खनिज नागपूरपासून फार दूर नसलेल्या कुही, खोबना आणि आगरगाव यांच्या पट्ट्यात आढळते, आणि देशाच्या खनिजांचा हिशेब ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालयही नागपुरातच आहे. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहराला ऊन आत घेणारी आणि हुकूम देताच ते अडवणारी काच किती उपयोगी पडेल, हे सांगण्याची गरज नाही.

मूळ चमत्कार पाहण्यास फार सामग्री लागत नाही. काचेवर वीज वाहून नेणारा एक पारदर्शक थर असतो. त्यावर टंगस्टन ऑक्साइडचा, मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश जाडीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा पापुद्रा चढवतात. ही काच लिथियमच्या क्षाराच्या द्रावात बुडवून तिला एखाद-दुसऱ्या व्होल्टचा ऋण दाब दिला, की एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने लिथियमचे आयन त्या पापुद्र्यात शिरू लागतात, टंगस्टनच्या काही अणूंची अवस्था बदलते, प्रकाशातील तांबडा भाग शोषला जातो, आणि पाहता पाहता ती स्वच्छ काच निळी होत जाते. दाब उलटा केला की आयन निघून जातात आणि काच पुन्हा निर्मळ होते. उन्हात गेल्यावर आपोआप काळसर होणारे चष्मे सर्वांच्या परिचयाचे आहेत. तेथे आज्ञा सूर्याची असते, येथे ती माणसाच्या हातातील बटणाची असते. व्यवहारातील घटकात द्रावाऐवजी आयन वाहणारा एक मधला थर घालतात आणि समोरच्या बाजूस आयन साठवून ठेवणारा दुसरा थर बसवतात. हा दुसरा थर निकेल ऑक्साइडचा असला तर इलेक्ट्रॉन गमावताना तो स्वतः तपकिरी होतो, आणि निळा व तपकिरी मिळून डोळ्याला राखाडी भासणारी छटा तयार होते.

सत्येंद्र देब या शास्त्रज्ञाने अमेरिकन सायनामिड कंपनीच्या प्रयोगशाळेत टंगस्टन ऑक्साइडच्या पापुद्र्यांवर केलेले काम १९६९ साली प्रसिद्ध झाले, आणि या विद्येचा आधुनिक इतिहास सामान्यतः तेथून मोजला जातो. परंतु त्याच्या सोळा वर्षे आधी, ३० जुलै १९५३ रोजी, लिखटेनश्टाइनमधील बाल्झर्स कंपनीच्या टी. क्राउस यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या अहवालात याच निळेपणाची नोंद केली होती; तो अहवाल कंपनीच्या दप्तरात पडून राहिला. शास्त्राचा इतिहासकार क्राउसला त्याचे श्रेय देईल आणि ते योग्यच होय. पेटंट-परीक्षक मात्र त्या नोंदीकडे पाहणार नाही, कारण जे लोकांपर्यंत पोहोचलेच नाही ते लोकांच्या मालकीचे झाले असे कायदा मानत नाही. उलट देब यांचा निबंध छापला गेला त्या क्षणी तो जगातील प्रत्येक परीक्षकाच्या हातातील पुरावा झाला. नवेपणाची पहिली कसोटी इतकी रोकडी आहे: अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कोठेही, कोणत्याही भाषेत, हीच गोष्ट प्रसिद्ध झाली होती काय किंवा उघडपणे वापरात होती काय?

आता अर्जाकडे वळू. समजा, एका अर्जदाराने छायाचित्रणाच्या उपकरणासाठी असा घटक तयार केल्याचे म्हटले आहे, आणि त्याचा पहिला दावा असा आहे: परस्परांसमोर ठेवलेले दोन पारदर्शक विद्युतवाहक थर, त्यांपैकी एकावर टंगस्टन ऑक्साइडचा थर, दुसऱ्यावर निकेल ऑक्साइडचा आणि त्यात एका अन्य धातूचे ठराविक प्रमाण, दोहोंमध्ये लिथियमचे आयन वाहणारा पॉलिमर, आणि या घटकातून गेलेला प्रकाश प्रतिमाग्राहकावर एकवटणारे भिंग. अर्जात वीस-पंचवीस पानांचे वर्णन असते, आकृत्या असतात, प्रयोगांचे तक्ते असतात. परंतु हक्क मिळावयाचा तो या दाव्यातील शब्दांपुरताच, आणि म्हणून परीक्षकाची नजर प्रथम दाव्यावर जाते. भूमिअभिलेखाचा मोजणीदार ज्याप्रमाणे शेताच्या चतुःसीमा नकाशाशी ताडून पाहतो आणि पीक किती आले याची विचारपूस करीत बसत नाही, त्याप्रमाणे परीक्षक दाव्याचा एकेक अवयव सुटा करून त्याची हद्द आधीच्या ज्ञानाशी ताडून पाहतो.

हे आधीचे ज्ञान शोधावे कोठे? केवळ शब्दांवर विसंबून भागत नाही, कारण एक अर्जदार ज्याला विद्युत-रंगी घटक म्हणतो त्यालाच दुसरा प्रकाश मंद करणारा घटक म्हणतो, तिसरा परिवर्तनीय पारगमनाचा गाळक म्हणतो, आणि निम्मे साहित्य जपानी भाषेत असते. त्यासाठी १९७१ सालच्या स्ट्रासबर्ग करारान्वये पेटंटांचे एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण चालते, आणि त्यात या विद्येला जी ०२ एफ १/१५ हे घर दिलेले आहे. घटकाच्या रचनेसाठी १/१५३, विद्युतअग्रांसाठी १/१५५, आणि आरसा वा अन्य प्रकाशीय उपकरण यांच्याशी घटकाची जोडणी केली असेल तर १/१५७. परीक्षक या घरांत शिरतो, रसायनाच्या वर्गातील शेजारची घरे धुंडाळतो, मोटारींच्या आरशांचे आणि चष्म्यांचे वर्गही पाहतो, आणि दाव्यातील प्रत्येक अवयवासमोर एखाद्या जुन्या दस्तऐवजाचा परिच्छेद लिहीत जातो. आपल्या कल्पित अर्जात दोन वाहक थर, टंगस्टन ऑक्साइड, निकेल ऑक्साइड आणि पॉलिमर हे सर्व जुने निघेल यात शंका नाही. भिंगासमोर असा गाळक ठेवण्याची कल्पनाही जुनी निघेल. कॅनन या जपानी कंपनीने छायाचित्रण-उपकरणांसाठी असे गाळक योजून अनेक अर्ज केलेले आहेत. उरते ते निकेलच्या थरातील त्या अन्य धातूचे प्रमाण.

येथून परीक्षेचा कठीण भाग सुरू होतो. गोष्ट नवी आहे एवढ्याने भागत नाही. त्या विषयातील सामान्य जाणकाराला ती सहज सुचली नसती, असेही दिसले पाहिजे, आणि कायद्याच्या शब्दांत बोलावयाचे तर तिच्यात पूर्वज्ञानाच्या तुलनेने तांत्रिक प्रगती अथवा आर्थिक महत्त्व असले पाहिजे. या कसोटीचा आपल्याकडील पायाभूत निवाडा भांड्यांच्या कारखान्यातून आलेला आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पितळी व जर्मन सिल्व्हरची भांडी करणाऱ्या पेढीने, लेथवर भांडी पकडून धरण्याच्या एका साधनाचे पेटंट १९५१ साली घेतले होते; विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या प्रतिपक्षाशी झालेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७८ च्या डिसेंबरात न्यायालयाने ते पेटंट अवैध ठरवताना सांगितले की, कारखान्यातील कुशल कारागीर रोजच्या कामात जी सुधारणा करीत असतो तीवर इजारा मागता येत नाही; सुधारणा म्हणून जे पुढे ठेवले जाते ते स्वतंत्रपणे शोध या पदवीस पात्र असावे लागते. या निवाड्याचे मोल मला फार वाटते. रोजच्या शहाणपणावर जर सनदा मिळू लागल्या, तर इतवारीतला प्रत्येक कारागीर कोणाच्या तरी परवानगीचा ताबेदार होईल.

मग आपल्या अर्जातील त्या धातूचे काय? परीक्षक असे विचारील की, निकेल ऑक्साइडमध्ये दुसरा धातू मिसळण्याची रीत जर खिडक्यांच्या काचांसाठी पूर्वीच प्रसिद्ध आहे, तर भिंगासाठी तीच वापरण्यात काय विशेष? आणि अर्जदाराचा वकील, तो आपल्या कामात निष्णात असेल तर, असे उत्तर देईल की खिडकीची आणि भिंगाची गरज एक नाही. खिडकीची काच थोडी निळसर दिसली तर घरात बसलेल्याचे काही बिघडत नाही. भिंगासमोरचा गाळक मात्र दृश्य प्रकाशाच्या सर्व रंगांना सारख्या प्रमाणात अडवणारा हवा, एरवी छायाचित्रातील प्रत्येक चेहरा निळा पडेल. शिवाय ही समता अर्ध्या अंधारात आणि पूर्ण अंधारात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, सारखीच टिकली पाहिजे, आणि विशिष्ट प्रमाणातील तो धातू घातल्याने नेमके हेच साधते असे आमचे तक्ते दाखवतात. हे उत्तर वजनदार आहे. तक्त्यांत ते खरोखर दिसत असेल तर परीक्षकाने आपली हरकत मागे घेणे न्याय्य होईल. परंतु दाव्यात धातूचे प्रमाण एकापासून चाळीस टक्क्यांपर्यंत लिहिले असून प्रयोग मात्र पाच आणि सहा टक्क्यांवरच केलेले असतील, तर तो अर्जदाराला दाव्याची हद्द आत घ्यावयास सांगेल. परीक्षकाजवळ प्रयोगशाळा नसते. नागपूरच्या मे महिन्यात तो घटक किती दिवस टिकेल हे त्याला करून पाहता येत नाही. कागदावर जे सिद्ध झाले तेवढेच द्यावयाचे, याच शिस्तीवर त्याला काम करावे लागते.

घटक कोणत्या उपकरणासाठी आहे यावर शोधाचे स्वरूप किती बदलते, याचे उत्तम उदाहरण मोटारीच्या आरशाचे आहे. मागून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी चालकाचे डोळे दिपू नयेत म्हणून रात्री आपोआप काळवंडणारा आरसा आता अनेक गाड्यांत असतो. त्यात घन पापुद्रा न घालता, रंग बदलणारी द्रव्ये विरघळवलेला द्राव दोन काचांच्या मध्ये भरतात. घन पापुद्रा वीज तोडल्यावरही आपला रंग बराच काळ धरून ठेवतो, आणि इमारतीच्या खिडकीत हा गुण वीज वाचवतो. आरशात मात्र तोच गुण घातक ठरेल, कारण बिघाडाने वीज गेली आणि आरसा काळाच राहिला तर चालकाला मागचे काही दिसणार नाही. द्रावाचा आरसा वीज तुटताच स्वतःहून स्वच्छ होतो. मिशिगनमधील जेंटेक्स कंपनीच्या हार्लन बायकर यांना १९९० साली मिळालेल्या अमेरिकी पेटंटाचे मर्म या स्वयमेव पुसले जाण्यातच आहे. त्याच कंपनीच्या मंद होणाऱ्या खिडक्या पुढे बोइंग ७८७ विमानात बसल्या. रंगबदलाचे मूळ तत्त्व सर्वांचे होते. आरशाला त्यातील कोणते रूप हवे आणि ते कशाने साधते, हे बायकर यांनी दाखवले.

आपल्या कायद्याने याच ठिकाणी एक कुंपण घातलेले आहे. तिसऱ्या कलमाच्या (ड) उपकलमानुसार ज्ञात पदार्थाचा नुसता नवा गुणधर्म अथवा नुसता नवा उपयोग शोधून काढणे हा शोध ठरत नाही. नोव्हार्टिसच्या औषधावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे हे उपकलम जगभर गाजले. म्हणजे एखादे जुने रंगद्रव्य विजेने रंग बदलते असे कोणास आढळले, तर त्या आढळण्यावर इजारा मिळणार नाही. तो गुण कामाला लावणारा नवा घटक त्याने रचला आणि ती रचना सहज सुचण्याजोगी नसली, तर त्या घटकाचा मात्र विचार होईल. त्याच कलमात असेही आहे की आपापले काम स्वतंत्रपणे करणारी ज्ञात साधने नुसती शेजारी-शेजारी मांडणे हा शोध नव्हे. जुना गाळक जुन्या भिंगासमोर ठेवणाऱ्याला हे वाक्य आडवे येते. शिवाय एका अर्जात एकच कल्पना असावी लागते. पहिल्या दाव्यात घटक, पाचव्यात रसायन आणि दहाव्यात संपूर्ण कॅमेरा मागितला असेल, तर त्या सर्वांना बांधणारे एक सूत्र अर्जदाराला दाखवावे लागते, नाहीतर अर्ज फोडावा लागतो.

कारभाराचा क्रम थोडक्यात असा. नागपूरच्या अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. परीक्षेची मागणी वेगळी करावी लागते, आणि तिची मुदत २०२४ सालच्या नियमांपासून एकतीस महिन्यांची आहे. परीक्षकाचा पहिला अहवाल हाती आला की सहा महिन्यांत सर्व हरकतींचे निरसन करावयाचे, आणखी तीन महिने मागून घेता येतात, आणि तेवढ्यात काम झाले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. मंजुरीपूर्वी कोणीही नागरिक लेखी विरोध नोंदवू शकतो. मंजुरीनंतर संबंधित व्यक्तीला एक वर्षाची मुदत असते.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागातील प्रा. प्रमोद पाटील आणि त्यांचे सहकारी यांनी टंगस्टन व निकेल यांच्या ऑक्साइडांचे पापुद्रे, धातूच्या क्षाराचा द्राव तापवलेल्या काचेवर फवारून, तयार करण्याचे आणि त्यांच्या रंगबदलाचे काम वर्षानुवर्षे केले आहे, आणि त्यांचे निबंध जगातील नियतकालिकांत छापले गेले आहेत. टोकियोत किंवा म्युनिकमध्ये अशा पापुद्र्यांवर कोणी सनद मागितली तर तेथील परीक्षकालाही कोल्हापूरचे हे निबंध विचारात घ्यावे लागतात. महाराष्ट्रातील विद्येने लोकांचे क्षेत्र असे रुंदावले आहे याचा मला अभिमान वाटतो. मात्र ज्या तरुण संशोधकाला आपल्या कामावर स्वतः सनद घ्यावयाची आहे त्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: निबंध आधी आणि अर्ज नंतर असा क्रम झाला, तर त्याचाच निबंध त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला एकतिसाव्या कलमात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे आणि परदेशांत तिचा भरवसा धरता येत नाही. प्रथम अर्ज, मग निबंध. विद्यार्थ्याला अथवा शिक्षणसंस्थेला हा खर्च झेपणार नाही असेही नाही. संगणकाद्वारे अर्ज केल्यास अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आणि परीक्षेचे ४००० रुपये आहे.

बायकर यांच्या १९९० सालच्या पेटंटाची मुदत केव्हाच संपली. त्यातील द्रव्यांची नावे, विलायके, त्यांची प्रमाणे, दोन काचांमधील अंतर, सारे छापील आहे आणि कोणालाही वाचता येते. बुटीबोरीच्या एखाद्या लहान कारखानदाराने लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीतील एखाद्या रसायनवेत्त्याला सोबत घेऊन त्यावरून आरसा करावयाचे ठरवले तर त्या जुन्या सनदेची आडकाठी त्याला होणार नाही. नंतरच्या सुधारणांपैकी भारतात कोणत्या सनदा अद्याप चालू आहेत एवढे त्याने आधी पाहून घ्यावे; पेटंट महानियंत्रकांच्या संकेतस्थळावर हा शोध विनामूल्य घेता येतो, आणि सुरुवात जी ०२ एफ १/१५७ या घरापासून करावी.